नाजिराचा खांदा

पेटी आली, चर्चचे पाळकसाहेब आले, मौद्याहून नंदिनी नवऱ्याला घेऊन आली, पारशिवनीहून प्रीतम आला. मेलेल्या माणसाचा एकुलता एक मुलगा मात्र स्वतःच्याच घराच्या व्हरांड्यात चपलांच्या शेजारी उभा होता, आणि काही केल्या उंबरा ओलांडायला तयार नव्हता.

चारुशीला हे सकाळपासून पाहत होती. नवरा होता तो तिचा, न पाहून चालणार होतं थोडंच? तिचे सासरे देवाजी पहाटे झोपेतच गेले. सासूबाईंनी, भीमाबाईंनी हाक मारली तसा अंकुश धावत खोलीपाशी आला, चौकटीतून बापाचं तोंड पाहिलं, काय झालं ते त्याला कळलं, आणि तो दोन पावलं मागं सरकला. रडला तो, नाही असं नाही. भिंतीला कपाळ टेकवून रडला. पण ती मागं टाकलेली दोन पावलं चारुशीलाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

शनिवारी उपासना करणाऱ्या मंडळीत जायला लागल्यापासून अंकुशनं घरात बायबलातलं जुनं, मोशेचं नियमशास्त्र आणलं होतं. आधी डुकराचं मटण गेलं, मग झिंगे गेले, मग रविवार गेला. देवाजी चाळीस वर्षं रविवारच्या मंडळीत गाणारा माणूस. ते म्हणाले, ज्याचा त्याचा विश्वास. मागच्या वल्हांडणाला, यहूद्यांच्या त्या वसंतातल्या सणाला, अंकुशनं नाजिराचं, म्हणजे देवाला वाहून घेतलेल्या माणसाचं व्रत घेतलं. केसांना वस्तरा नाही, द्राक्षाची कुठलीही वस्तू तोंडात नाही, आणि प्रेताजवळ जाणं नाही. इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानात गिऱ्हाइकं त्याला ‘महाराज’ म्हणायला लागली तेव्हा घरात हसू झालं होतं. नाताळच्या केकमध्ये मनुका आहेत म्हणून त्यानं बशी सरकवली तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. येत्या वल्हांडणाला व्रत पुरं होणार होतं, आणि त्याच दिवशी मंडळी त्याला वडीलपदावर, म्हणजे पुढाऱ्यांच्या खुर्चीवर बसवणार होती. वल्हांडण महिन्यावर आला होता.

आतल्या खोलीतून नंदिनी हात पुसत बाहेर आली. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिची हयात गेली होती.

“झालं,” ती भावाकडे न पाहता म्हणाली. “मी अन् प्रीतमनं आंघोळ घातली. कोट घातला. आता पेटीत ठेवायचं आहे. ये आत.”

“ताई, तुले माहीत आहे.”

“मले काय माहीत आहे? मले एवढंच माहीत आहे का बाबाले पोरगा असून चुलतपुतण्यानं धुतलं.”

“त्याले कोणी रोखलं नाही. माह्यावर बंधन आहे.”

“कोणी घातलं बंधन? तूच ना?”

गल्ली सिमेंटीकरणासाठी खोदून ठेवलेली, त्यामुळे शववाहिका पार मोठ्या रस्त्यावर उभी होती. तिथवर पेटी खांद्यावर न्यायची होती. शेजारी फाटकापाशी जमले होते आणि आपण काही ऐकत नाही असा चेहरा करून सगळं ऐकत होते. पाळकसाहेब पुस्तक काखेत धरून पुढं झाले. स्वभावानं गरीब माणूस. त्यांनी अंकुशच्या खांद्यावर हात ठेवायला नेला, तर अंकुश बाजूला सरला. पाळकसाहेबही मघाशी देवाजींच्या कपाळाला हात लावून आले होते.

“अंकुश, बेटा,” त्यांनी हात परत घेतला. “नाईन गावच्या विधवेचा मुलगा मेला, तेव्हा प्रभूनं स्वतः पुढं होऊन तिरडीला हात लावला. विसरलास?”

“तिरडीले लावला. प्रेताले नाही. अन् पोरगा उठून बसला. उठल्यावर कुठचं प्रेत, पाळकसाहेब? नियम मोडलाच कुठं?”

“याईराच्या मेलेल्या मुलीचा तर हात धरला.”

“ते बी उठली. कुष्ठ्याले हात लावला तर कुष्ठी शुद्ध झाला. अन् मग त्याले काय सांगितलं, ते तुम्ही रविवारी कधी वाचत नाही. याजकाकडे जा, अन् मोशेनं लावून दिलं तेवढं अर्पण कर, हे सांगितलं. मोशेनं! नियमशास्त्रातली एक कानामात्रा बी मी पुसाले आलो नाही, हे कोण म्हणे? तुम्ही रविवार पाळता तो कोणाच्या हुकमानं? गोऱ्या पाद्र्याच्या! प्रभू यहूदी होता जी. मिशन कंपाउंडमध्ये नव्हता जन्मला.”

चारुशीला दाराशी उभी राहून ऐकत होती. सगळ्यात जास्त संताप तिला याचाच आला की तो बोलत होता ते खोटं नव्हतं. दुकान बंद करून आल्यावर अंकुश खरंच वाचत बसायचा. चुकीचं पाठ केलं असतं तर कान धरून सांगता आलं असतं. पाठ चोख होता, आणि बाप आत एकटा पडला होता.

पाळकसाहेब म्हणाले, “प्रभू पुसायला नाही आलो म्हणाला, तसं पूर्ण करायला आलो असंही म्हणाला. पूर्ण करणं म्हणजे...”

“म्हणजे मोडणं नाही,” अंकुशनं वाक्य तोडलं.

“थांबा, साहेब,” नंदिनीनं पदर खोचला. “मी काही शिकलेली नाही शास्त्र. पण बाबाच्या मांडीवर बसून ऐकलं आहे. अंकुश, प्रभूनं त्या शास्त्री-परुशी पंडितांले काहून झापलं होतं, सांग बरं. म्हातारे मायबाप दारात उभे राहत, अन् हे म्हणत, तुम्हाले द्यायचं होतं ते आम्ही देवाले वाहून टाकलं, आता इलाज नाही. हात झटकून मोकळे! तवा प्रभू कोणाच्या बाजूनं उभा राह्यला? मोशेच्या! मायबापाचा मान ठेव, हे मोशेचंच आहे ना? मग तू मोशेले पाळून राहिला, का मोशेच्या पाठीमागं लपून राहिला?”

फाटकापाशी कुणीतरी ‘बरोबर’ म्हटलं आणि लगेच खोकून टाकलं.

अंकुशचे कान लाल झाले. वर्षभर वाढलेले केस त्यानं मागं सारले. “नाजिराले बापाच्या मयतीत बी जायची मनाई आहे, ताई. बाप, माय, भाऊ, बहीण, एक एक नाव घेऊन लिहिलं आहे. मी नाही बनवला नियम. अन् मी हात लावून काय होणार आहे? मी काय प्रभू आहे का? मी हात लावला तर बाबा उठणार आहे का?”

“नाही उठणार.”

आवाज आतून आला. भीमाबाई नवऱ्याच्या उशाशी बसल्या होत्या त्या उठून दारापर्यंत आल्या होत्या. पहाटेच्या हाकेनंतर त्यांनी हा पहिलाच शब्द काढला होता. नंदिनी आधार द्यायला पुढं झाली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला.

“नाही उठणार तो. म्हणूनच लाव, बापा. उठणार असता तर मी तुले बोलावलं नसतं.”

“आई, तू मधात नको पडू.”

“मधात? माह्या नवऱ्याची माती आहे अन् मी मधात?” म्हातारीचा आवाज चढला. “तुह्या आज्याचं नाव काय होतं?”

“आई, आता हे...”

“नाव सांग!”

“रुपराव.”

“रुपराव काय करत होता गावात?”

अंकुशनं मान वळवली. प्रीतम आतून येऊन भीमाबाईंच्या मागं उभा राहिला. रुपरावांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या भावानं पुढं छप्पन साली नागपुरात येऊन दीक्षा घेतली. प्रीतम त्या भावाचा नातू. दोन धर्म, एकच आडनाव; दिवाळीच्या सुट्टीत सगळी पोरं पारशिवनीच्या एकाच आंब्याखाली खेळलेली.

“तो नाही सांगत, तर मी सांगतो, काकू,” प्रीतम म्हणाला. “गावातलं मेलेलं ढोर ओढत होते. आपले सगळेच ओढत होते.”

“ओढत होते,” भीमाबाई म्हणाल्या. “ढोर मेलं का बोलावणं यायचं. ओढून न्यायचं, अन् मग त्याच गावानं म्हणायचं, तुम्ही मेलेल्याले हात लावता, तुमचा विटाळ होते, दूर राहा. विहिरीपासून दूर, देवळापासून दूर. तुह्या आज्यानं एक दिवस दोर टाकला अन् पायी नागपुरात आला. मिशनवाल्यानं त्याले बाजूले बसवून चहा पाजला. शास्त्र-बिस्त्र नाही पाह्यलं गा त्यानं. बाजूले बसवलं म्हणून तो ख्रिस्ती झाला! मेलेल्याले हात लावतो म्हणून गावानं आपल्याले दूर ठेवलं, अन् आज माह्या पोटचा पोरगा मेलेल्याले हात लावला म्हणून मले दूर ठेवून राहिला. सकाळपासून माह्यापासून हातभर लांब उभा आहे हा! माह्यापासून!”

अंकुशचा चेहरा पडला. बोलला तेव्हा आवाज अगदी वेगळा होता, दुकानातला नाही की मंडळीतला नाही.

“त्याच्यासाठीच तर करून राहिलो, आई. तुले काय वाटते, मले माहीत नाही आपण कोण आहो? कॉलेजात माहीत पडलं, धंद्यात माहीत पडलं. ख्रिस्ती झालो तरी लोकं आडनाव विचारतात अन् मग चेहरा बदलते त्यायचा. मले आतापर्यंत कोणीच शुद्ध म्हटलं नाही. या पुस्तकात पहिल्यांदा सापडलं, का असं असं कर, तू शुद्ध आहेस. देवाच्या कामाचा आहेस. एक वर्ष मी ते सांभाळलं. एक महिना राहिला, आई. एक महिना.”

  हा माणूस चारुशीलानं कधीकाळी मन लावून निवडला होता आणि हे दुखणं तिला ठाऊक होतं. त्या क्षणी अंकुश नुसता रडला असता, तर कदाचित ती पुन्हा एकदा गप्प बसली असती. गप्प बसण्यात ती पटाईत झाली होती.

तेवढ्यात मागून कुणीतरी तिची ओढणी ओढली.

अबोली होती. तिची तेरा वर्षांची पोर. सकाळपासून ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती आणि आजोबांच्या खोलीकडे फिरकली नव्हती. चारुशीलाला वाटलं होतं, घाबरली असेल.

“आई,” ती कानाशी कुजबुजली, “आबाले आता पेटीत ठेवतील का?”

“हो, बेटा.”

“मी हात लावू का त्यायले एकदा? दुरूनच पाहत होती मी. माह्ये दिवस आहेत ना.”

चारुशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पावसाळ्यात अबोलीला पहिल्यांदा पाळी आली होती. अंकुशनं तिची गादी मागच्या खोलीत टाकली, ताट वेगळं केलं, तिची खुर्ची कुणी घ्यायची नाही म्हणून बजावलं. मोशेच्या लेवीय पुस्तकात लिहिलंय म्हणे. आणि चारुशीलानं ते ताट उचलून तिला नेऊन दिलं होतं, हो, स्वतःच्या हातानं, कारण घरात भांडण नको. देवाजींना कळलं तेव्हा ते काठी टेकत मागच्या खोलीत गेले, नातीच्या गादीवर बसले आणि तिच्याच ताटातली भाकर मोडून खायला लागले. अंकुश दारात येऊन उभा राहिला. देवाजी घास चावत म्हणाले होते, “बारा वर्षं रक्त जाणाऱ्या बाईनं गर्दीत प्रभूच्या कपड्याले हात लावला. तो घरी आंघोळ कराले नाही पळाला, अंकुश. त्यानं तिले पोरी म्हणून हाक मारली.” त्या दिवसापासून बापलेक एका ताटाला तर सोडाच, एका खोलीतही जेवले नव्हते.

आणि आता तीच पोर, त्याच आजोबांना हात लावायची परवानगी मागत होती.

चारुशीलानं अबोलीचं मनगट धरलं, तिला सगळ्यांमधून आत नेलं आणि देवाजींच्या समोर उभं केलं. “लाव हात. जेवढा वेळ पाहिजे तेवढा लाव.”

अबोलीनं आजोबांच्या गालावर हात ठेवला. मग वाकून कपाळाचा मुका घेतला आणि हुंदके देत तिथंच बसली. चारुशीला तिला तशीच रडू देऊन व्हरांड्यात आली आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. चौदा-पंधरा वर्षांच्या संसारात ती चारचौघांत त्याच्याशी वर मान करून बोलली नव्हती. आज मान वर होती.

“पोरगी मले काय विचारे, माहीत आहे? आपल्याच आबाले हात लावू का म्हणे!”

“चारू, लोकं आहेत.”

“असू द्या लोकं! लोकांसाठीच तर चाललं आहे हे. दर शनिवारी तुम्ही मोठ्यानं वाचता अन् मी भांडे घासत ऐकते. त्याच पानावर पुढं काय आहे, ते मी सांगू? नाजिराच्या जवळ कोणी एकाएकी मेलं अन् विटाळ झाला, तर त्यानं डोकं भादरायचं, अर्पण द्यायचं, अन् दिवस पहिल्यापासून मोजायचे. आहे का नाही?”

अंकुशनं पाळकसाहेबांकडे पाहिलं.

“आहे का नाही? पाळकसाहेब, तुम्ही सांगा.”

“आहे,” पाळकसाहेब हळूच म्हणाले.

“म्हणजे मोशेनं वाट ठेवली आहे! मोशेले समजलं होतं, का घरात माणूस मरते. व्रत परत सुरू होते जी. बाप परत सुरू होत नाही. पण मग येत्या वल्हांडणाले खुर्ची नाही भेटणार, बसावं लागन आणखी एक वर्ष. हेच ना? प्रभूनं मोशेले ठेवलं का बदललं, मले नाही समजत, तुम्ही वाद घाला जन्मभर. पण ज्याले ज्याले कोणी हात लावत नव्हतं, त्याले त्यानं हात लावला, एवढं मले समजते. तुम्ही तर तुमच्या पोरीलेच हात लावायचं सोडलं.”

आणि तिनं त्याचा हात धरला. घट्ट, मनगटापाशी.

“सकाळी मामाजींचे केस मी विंचरले, याच हातानं. आता तुम्हाले लागलं. झटका. सगळ्यांसमोर झटका माहा हात.”

अंकुशनं झटकला नाही. तो तिच्या हाताकडे पाहत राहिला. शेवटी तिनंच तो सोडून दिला, वैतागून, आणि आत निघून गेली.

मग कुणी त्याला बोलावलं नाही. प्रीतम आणि नंदिनीच्या नवऱ्यानं देवाजींना पेटीत ठेवलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली, झाकण लागलं. पुढचे दोन कोपरे प्रीतम आणि जावयानं धरले. मागचा एक नंदिनीनं धरला. शेजारचे दोघे पुढं व्हायला लागले तर चारुशीला म्हणाली, “राहू द्या. त्यायच्या पोराच्या जागी मी आहे.” अबोली धावत आली आणि आईच्या बाजूची कडी तिनं दोन्ही हातांनी धरली. पाळकसाहेबांनी खूण केली, पेटी वर आली आणि मागून तिरपी झाली. चारुशीलाचे हात भरून आले. भीमाबाईंनी तोंडावर पदर दाबला.

तशीच तिरपी पेटी व्हरांड्यात आली. अंकुश पायरीशी उभा होता. पेटी समोरून जाताना त्यानं तिचं बंद झाकण पाहिलं, आणि त्याच्या घशातून जनावरासारखा आवाज निघाला. दोन ढांगांत तो मागच्या कोपऱ्याशी आला.

“सरक, बेटा,” तो अबोलीला म्हणाला. “मी धरतो.”

अबोली सरकली नाही. भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. राग नव्हता, टोमणाही नव्हता. बापाला आधीच सांगितलेलं बरं, एवढंच.

“बाबा, माह्ये दिवस आहेत,” ती म्हणाली. “तुम्हाले लागन.”

फाटकापाशी उभ्या सगळ्या गल्लीनं ते ऐकलं.  अंकुशनं कडीवरच्या तिच्या दोन्ही मुठींवर आपला पंजा ठेवला, खांदा पेटीखाली घातला आणि पेटी उचलून सरळ केली. त्याचे लांब केस ओघळून तोंडावर आले होते आणि ते बाजूला करायला हात मोकळा नव्हता.

चारुशीलानं आपला कोपरा सोडला नाही. राग उतरला नव्हता आणि इतक्यात उतरणारही नव्हता. त्याच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. पण पुढं गल्ली खोदलेली होती, मागचे चारही जण रडत होते, म्हणून तीच सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, “खाली पाहून पाय टाका!”